सूचना : टीमच्या टेलिग्राम बॉटबद्दल

सर्वांना नमस्कार,

शिफ्ट, रजा, कोणतं काम कोणाकडे, हे यापुढे कृपया बॉटला विचारा.

ग्रुपवर साधं वाक्य लिहिलं की बॉट गप्प राहतो. तो बंद पडलेला नसतो. टेलिग्राममध्ये बॉटचा प्रायव्हसी मोड मुळातच चालू असतो, त्यामुळे त्याला मुख्यतः तिरप्या रेघेने सुरू होणाऱ्या कमांड आणि त्याच्याच मेसेजला दिलेले रिप्लाय दिसतात. कमांडचं नाव इंग्रजी अक्षरांतच लागतं. त्यापुढे सहकाऱ्याचं नाव मात्र मराठीत लिहिलं तरी चालतं.

कृपया बॉटला ग्रुपचा अ‍ॅडमिन करू नका. अ‍ॅडमिन बॉटला सगळेच मेसेज दिसतात, आणि आपलं आपसातलं बोलणं लॉगमध्ये साठायला नको.

रजेची तारीख चुकीची दिसली तर बॉट ज्यातून माहिती घेतो ती शीट दुरुस्त करा, कोडला हात लावू नका.

कोडवर काम करणाऱ्यांसाठी: चाचणीला बॉटफादरकडून (बॉट तयार करून देणारा टेलिग्रामचा स्वतःचा बॉट) वेगळा बॉट घ्या. खऱ्या बॉटचं टोकन (त्याची गुप्त किल्ली) लॅपटॉपवर वापरलंत की एकाच टोकनवर बॉटच्या दोन प्रती टेलिग्रामकडे अपडेट मागतात, ४०९ एरर येते आणि ग्रुपमध्ये कधी उत्तर येतं, कधी येत नाही. हा घोळ शोधण्यात फार वेळ जातो. टोकन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्येच ठेवा. चुकून गिटवर गेलंच, तर फाइल काढून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये (कोडच्या आधी साठवलेल्या नोंदींत) ते राहतंच. बॉटफादरकडे जाऊन लगेच रद्द करा आणि नवं घ्या. एका मेसेजची मर्यादा ४०९६ अक्षरांची आहे, म्हणून महिन्याचं वेळापत्रक आठवड्याआठवड्याने तोडून पाठवा.