‘ताण’ आधी मायबोलीत समजू द्या

मा. संपादक यांस,

स.न.वि.वि.

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील मराठी माध्यमाच्या शाळांतून दहावी होऊन पीयूसीच्या (म्हणजे अकरावी-बारावीच्या) विज्ञान शाखेत जाणाऱ्या काही मुलांना मी निवृत्तीनंतर संध्याकाळी घरी भौतिकशास्त्र शिकवतो. या मुलांची एक अडचण मला वारंवार दिसते. ती वरवर लहान वाटत असली तरी यांत्रिकीचे पुढचे सारे शिक्षण तिच्यावर अडून राहते, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिल्याच दिवशी मी मुलांना एक प्रश्न घालतो. दोन संघांत रस्सीखेच चालू आहे, प्रत्येक संघ २००० न्यूटन इतक्या बलाने दोर ओढतो आहे आणि दोर जागचा हलत नाही, तर दोरातील ताण किती? बहुतेक मुले ४००० न्यूटन असे उत्तर देतात. काही हुशार मुले विचार करून शून्य म्हणतात, कारण दोन्ही ओढी एकमेकींना नाहीशा करतात असे त्यांना वाटते. बरोबर उत्तर २००० न्यूटन आहे आणि ते सांगितले की मुलांच्या चेहऱ्यावर अविश्वास उमटतो. मग मी त्यांना दोर मनातल्या मनात मधोमध कापायला सांगतो आणि फक्त डाव्या तुकड्याकडे पाहायला लावतो. त्या तुकड्याला डावीकडचा संघ २००० न्यूटनने डावीकडे ओढतो, तरीही तुकडा स्थिर आहे. त्या अर्थी उजवा तुकडा त्याला तेवढ्याच बलाने उजवीकडे ओढत असला पाहिजे. दोराच्या एका भागाने शेजारच्या भागाला असे ओढून धरणे म्हणजेच ताण. उजवीकडचा संघ काढून टाकून दोराचे ते टोक वडाच्या बुंध्याला बांधले आणि डावा संघ पूर्वीइतकाच ओढत राहिला, तर दोराला काही फरक कळणार नाही, कारण वडही २००० न्यूटननेच धरून ठेवील.

हे सर्वांत लवकर समजलेली मुलगी वडगावातल्या एका विणकर घरातली होती. तिने वहीत काही लिहिले नाही. मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, सूत एका टोकाला बीम (सूत गुंडाळलेला रूळ) अडवून धरते आणि दुसऱ्या टोकाला कापडाचा रूळ ओढतो, तिथे दुप्पट ताण असतो असे आमच्या घरात कोणीच म्हणत नाही, एवढेच ती म्हणाली. बीमभोवती गुंडाळलेल्या साखळीला किती वजने टांगायची, ती कमी पडली तर सूत कसे सैल पडते आणि जास्त झाली तर कसे तुटते, हे तिने लहानपणापासून पाहिले होते. शहापूर-वडगावच्या विणकरांच्या तोंडी असलेला ‘ताणा’ आणि भौतिकशास्त्रातला ‘ताण’ हे दोन्ही शब्द ‘ताणणे’ या एकाच क्रियेतून आले आहेत. हा ठेवा आपल्या मुलांजवळ असताना ती पीयूसीच्या पहिल्या आठवड्यात ‘टेन्शन’ हा शब्द ऐकतात, त्यावरून त्यांना परीक्षेची धास्ती तेवढी आठवते आणि ताण म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण एवढेच पाठ करून ती मोकळी होतात. मला याचे फार वाईट वाटते.

हे पाठ केलेले सूत्र पहिल्याच वेगळ्या उदाहरणात दगा देते. आडातून पाण्याने भरलेली १५ किलोची घागर काढायची आहे असे समजू. घागर स्थिर लोंबकळत असताना दोरात १४७ न्यूटन ताण असतो आणि ती एकसारख्या वेगाने वर येत असतानाही तो तेवढाच राहतो, हे मुलांना पटत नाही, कारण वर जाणाऱ्या वस्तूला जास्त बल लागलेच पाहिजे अशी त्यांची समजूत असते. जास्त बल लागते ते वेग वाढवताना. दर सेकंदाला वेग २ मीटर प्रति सेकंदाने वाढत असेल तर ताण १७७ न्यूटन होतो आणि जुना दोर हिसक्यासरशी तुटतो तो यामुळेच. वरचा रहाट ओढण्याची दिशा बदलून देतो, पण बल कमी करत नाही. ओढणारा दोर सरळ खाली ओढत असेल, तर घागर स्थिर असतानाही रहाटाच्या कण्यावर दोन्ही बाजूंच्या दोरांचा मिळून २९४ न्यूटन भार येतो. रस्सीखेचीत चुकून केलेली बेरीज येथे मात्र खरोखरच करावी लागते, कारण दोराचे दोन्ही पदर एकाच वस्तूला ओढतात. कोणत्या वस्तूवर कोण बल लावते, हे आधी ठरवल्याशिवाय बेरीज करावी की नाही हेही ठरत नाही.

पुस्तकातील दोर वजनरहित आणि न लांबणारा असतो, या वाक्यावरही शिक्षकांनी थांबावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. दोराला वस्तुमान नाही असे मानले म्हणूनच त्याच्या दोन्ही टोकांना ताण सारखा येतो. प्रत्यक्षात आडात सोडलेल्या दोराचे वजन ३ किलो असेल, तर वरच्या टोकाला खालच्या टोकापेक्षा सुमारे २९ न्यूटन जास्त ताण असतो, कारण वरचा भाग घागरीबरोबर खालच्या दोराचेही ओझे पेलतो. हे एकदा उलगडून सांगितले की गृहीतकामागचे कारण मुलांना कळते.

दुसरे उदाहरण घरातलेच आहे. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात कपडे घरातच वाळत घालावे लागतात आणि दोरी लोंबू नये म्हणून आपण ती कडक ताणून बांधतो. ३ किलोची ओली चादर मधोमध टाकली आणि दोरीच्या दोन्ही बाजू आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असतील, तर दोरीतील ताण चादरीच्या वजनाइतका, म्हणजे सुमारे २९ न्यूटन असतो. कोन १० अंश असेल तर ताण ८५ न्यूटनच्या घरात जातो आणि ५ अंश असेल तर तो जवळजवळ १६९ न्यूटन होतो, म्हणजे ३ किलोच्या चादरीसाठी दोरीला १७ किलोंच्या वजनाइतकी ओढ सोसावी लागते. चादरीला वर उचलून धरते ते ताणाचा उभा भाग आणि दोरी जितकी आडवी तितका तो भाग लहान, हे त्याचे कारण. आडवी बांधून मधे वजन टांगलेली कोणतीही दोरी कितीही ताणली तरी अगदी सरळ होऊ शकत नाही. गोकाक धबधब्याजवळच्या झुलत्या पुलावर मुलांना नेताना अशा पुलाचे दोर झोल ठेवून का बांधतात, हा प्रश्न शिक्षकांनी तिथे उभे राहूनच विचारावा.

चिकोडी, रायबाग, अथणी भागातल्या मुलांना गळीत हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रोज दिसतो. प्रत्येक भरलेली ट्रॉली ८ टनांची असेल आणि चाकांचा विरोध क्षणभर बाजूला ठेवला, तर सेकंदाला पाव मीटर प्रति सेकंद वेग वाढवण्यासाठी पुढच्या हुकावर ४००० न्यूटन आणि मागच्या हुकावर २००० न्यूटन ओढ येते, कारण पुढचा हूक दोन्ही ट्रॉल्या ओढतो आणि मागचा एकच. ट्रॉली ट्रॅक्टरला तेवढ्याच बलाने मागे ओढत असताना गाडी पुढे कशी जाते, असे मुले हमखास विचारतात. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिसरा नियम समजावताना दोराने दगड ओढणाऱ्या घोड्याचेच उदाहरण घेतले होते. ट्रॅक्टरवर ट्रॉलीच्या ओढीखेरीज जमिनीचेही बल असते. चाके जमिनीला मागे रेटतात, जमीन त्यांना पुढे रेटते आणि हे बल मोठे असेल तर ट्रॅक्टर पुढे सरकतो. चिखलात नेमका हाच आधार सुटतो.

माझी मागणी साधी आहे. आठवी-नववीपासूनच प्रत्येक उदाहरणात एक वस्तू निवडून तिचेच वेगळे चित्र काढायची आणि प्रत्येक बाणाशेजारी ते बल कोण लावते हे मराठीत लिहायची सवय मुलांना लावावी. सूत्र त्यानंतर यावे. पीयूसीचे अनेक प्राध्यापक कन्नड भाषक आहेत. त्यांच्या वर्गात मुलांनी हेच कन्नडमधून मांडले तरी काही बिघडत नाही, कारण रस्सीखेचीला ‘हग्ग-जग्गाट’ म्हणणारी मुलेही ४००० न्यूटन हेच उत्तर देतात. इंग्रजी संज्ञा शिकायच्याच आहेत, पण कल्पना पक्की झाल्यावर त्या दोन दिवसांत येतात, असा माझा अनुभव आहे. आपल्या दैनिकाने आठवड्यातून एकदा आड, माग, दोरी किंवा ऊसगाडी यांवरचे एखादे उदाहरण आकृतीसह छापले, तर ती लिहून देण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक
ता. खानापूर, जि. बेळगाव