दिवे लावायची घाई नको, नावं वाचू द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात दहा वर्षांच्या नातीला घेऊन आमच्या नाशिकच्या एका मल्टिप्लेक्समध्ये साहसपट पाहिला. गोष्ट संपली, काळ्या पडद्यावर नावं वर सरकू लागली आणि दुसऱ्याच मिनिटाला सगळे दिवे लागले. झाडू आणि कचऱ्याच्या पिशव्या घेऊन दोन मुलं आत आली. आम्ही दोघं बसूनच होतो. त्यातला एक अदबीने म्हणाला, "आजोबा, पिक्चर संपला." मी म्हटलं, "अरे, नावं चालू आहेत ना अजून." तेवढ्यात पडदाच विझला, एक नाव अर्ध्यावर असताना. त्या पोराचा यात काही दोष नाही. पुढचा खेळ सुरू व्हायच्या आत त्याला अख्खं सभागृह झाडायचं असतं. पण ज्यांनी ही वेळ आखून दिली त्यांच्यापर्यंत, आणि तुमच्या चित्रपट पुरवणीपर्यंतही, माझं म्हणणं पोचावं म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ३१ वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो. मारामारीचे, अद्भुत दुनियेचे, अंतराळातले, राक्षस-प्राण्यांचे चित्रपट हे माझं जुनं वेड. घरच्यांना वाटायचं, दिवसभर लोखंडात राबून आलेल्या माणसाला विरंगुळा हवा, म्हणून हे पाहतो. खरं कारण वेगळं होतं. हे चित्रपट पाहताना मला पडद्यामागे आमच्यासारखीच माणसं राबताना दिसायची.

'ज्युरासिक पार्क' १९९४ साली आपल्याकडे हिंदीत आला तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. भर पावसात गाडी उभी आहे, डॅशबोर्डवर पाण्याचा ग्लास आहे आणि त्या पाण्यात एकदम गोल वलयं उठतात. प्राणी अजून दिसलेला नाही, नुसतं पाणी हललेलं. अख्खं थिएटर गप्प. मुलाने माझं मनगट असं धरलं की घड्याळाच्या पट्ट्याचा वळ घरी येईपर्यंत तसाच होता. ती वलयं कशी काढली ते पुढे कितीतरी वर्षांनी टीव्हीवर कळलं. डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून बांधली होती आणि कुणीतरी खाली पडून ती छेडत होता. दोन तासांहून थोड्या मोठ्या त्या चित्रपटात डायनासोर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं, आणि त्यातलं संगणकावर केलेलं काम साधारण सहा मिनिटांचं. बाकी सगळं स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेतल्या लोकांनी हाताने घडवलेलं.

त्यातला तो मोठा टी-रेक्स डायनासोर म्हणजे सुमारे ४० फूट लांब आणि चार टनांच्या आसपास वजनाचं यंत्रच होतं. वैमानिकांना शिकवायच्या सिम्युलेटरखाली असतो तसा हायड्रॉलिक चौथरा त्याच्या खाली होता. शेजारी त्याचीच छोटी प्रतिकृती ठेवलेली. माणसांनी ती हलवली की मोठा तसाच हलायचा. गडबड झाली पावसाच्या प्रसंगात. कातडी फोमची, ती पाणी पिऊ लागली, वजन वाढलं आणि जनावर थरथरायला लागलं. हे ऐकलं तेव्हा मी घरात मोठ्याने "लोड!" असं ओरडलो होतो. ज्याने हायड्रॉलिक प्रेसवर काम केलंय त्याला हे सांगायला नको. जो भार धरून यंत्र बसवलं त्याहून जास्त पडला की यंत्र सांगायला लागतं, मला झेपत नाही. मग तिथली माणसं दोन शॉट्सच्या मधे टॉवेल घेऊन त्या अजस्र धुडाला पुसत बसायची. ते टॉवेल डोळ्यांसमोर आले की मला आमची सेकंड शिफ्ट आठवते.

बाहुल्या हाताने हलवून पडद्यावर जिवंत करणारे रे हॅरीहाउसेन यांचं नाव आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं. १९६३ च्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'मध्ये सात सांगाडे तीन माणसांशी तलवारीने लढतात. सांगाडे म्हणजे हातभर उंचीच्याही नसलेल्या बाहुल्या. एक हात केसभर हलवायचा, एक चौकट (फिल्मवरचं एक चित्र) टिपायची, पुन्हा हलवायचा. सेकंदाला २४ चौकटी लागतात आणि सात सांगाड्यांचे हात, पाय, मान सगळं लक्षात ठेवायचं, त्यामुळे काही दिवशी दिवसभरात तेराच चौकटी व्हायच्या. त्या एका लढाईला साडेचार महिने लागले. त्यांचे वडील मशिनिस्ट होते. मुलाच्या बाहुल्यांच्या आतले धातूचे सांगाडे, गोळी-खोबणीचे सांधे, हे सगळं वडील यंत्रावर घडवून द्यायचे. सांधा ढिला झाला तर हात आपोआप खाली येणार, घट्ट झाला तर हलवताना अख्खी बाहुली सरकणार. तो नेमका मधला कस पकडणं म्हणजे काय, हे टूलरूममधल्या माणसाला विचारा.

चौकट चौकट टिपण्याची हीच युक्ती आपल्या दादासाहेब फाळके यांनी त्याच्या पन्नासएक वर्षं आधी वापरली होती. 'राजा हरिश्चंद्र'च्याही आधी त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना एकेका चौकटीने टिपलं आणि पैसे घालणाऱ्यांना दाखवलं. पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या, १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये मारुती उडवला. फाळके त्र्यंबकेश्वरचे. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे मी नातीला दोनदा नेलं आहे. पण मला तिला त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंबद्दल जास्त सांगावंसं वाटतं. कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायचं काम रात्री अंधारात त्या हाताने करायच्या, रसायनं कालवायच्या, उन्हात पांढरे पडदे धरून उभ्या राहायच्या आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करायच्या. फाळक्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे, हवंच. सरस्वतीबाईंचं नाव किती जणांना माहीत आहे?

माझ्या आवडीच्या चित्रपटांची यादी मोठी आहे, सगळी देत नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या चिलखतांसाठी न्यूझीलंडमधल्या लोकांनी प्लास्टिकच्या नळीच्या चकत्या कापून लाखो कड्या हाताने एकमेकींत ओवल्या. बुटका फ्रोडो आणि उंच गँडाल्फ एकाच छकड्यात शेजारी बसलेले दिसतात, ते छकडंच असं बांधलं होतं की एक जण कॅमेऱ्यापासून बराच मागे बसावा. सुतारकाम आणि नजरेचा हिशेब, बस. माझ्या मुलाचा जीव 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड'वर. धावत्या गाड्यांवर उंच दांडे, दांड्यांच्या टोकाला माणसं, खाली तोलासाठी वजन, आणि हे सगळं नामिबियाच्या वाळवंटात खरोखर केलेलं. त्या चित्रपटाचं सुमारे ४८० तासांचं चित्रण मार्गारेट सिक्सेल यांनी पाहून, निवडून, दोन तासांत बसवलं आणि संकलनाचं ऑस्कर मिळवलं. मारधाडीचा चित्रपट त्यांनी त्याआधी कधी कापलाही नव्हता.

आता संगणक आला. लोक म्हणतात, आता काय, बटण दाबलं की वाघ तयार. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ बटण दाबून झालेला नाही. तो ज्या कंपनीने केला तिची माणसं मुंबई आणि हैदराबादमध्येही होती. २०१३ च्या फेब्रुवारीत त्या कामाला ऑस्कर मिळालं, आणि त्याच्या दोन आठवड्यांपूर्वीच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. पुरस्कार घ्यायला गेलेला माणूस मंचावर त्याबद्दल बोलू लागला तर संगीत वाजवून त्याचं बोलणं तोडलं. मी ते पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. हल्ली परदेशी चित्रपटांच्या नावांत मला पाटील, कुलकर्णी, शिंदे अशी आडनावं दिसतात. आपल्या गावांतून गेलेली मुलं मुंबईत रात्र रात्र बसून ही कामं करतात. त्यांचे आईवडील तिकीट काढून येत असतील, नाव येईल म्हणून वाट पाहत असतील, आणि आपण दिवे लावतो.

मी केलेल्या डायमधून, म्हणजे साच्यांमधून, निघालेले भाग आजही रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांमध्ये आहेत. त्यांवर माझं नाव नाही, त्या धंद्यात तशी रीतच नाही, त्याची खंतही नाही. पण मालासोबत सुताराचं, वेल्डरचं, ड्रायव्हरचं, जेवण रांधणाऱ्याचं नाव पाठवणारा मला माहीत असलेला एकच कारखाना म्हणजे सिनेमा. ती चार-सहा मिनिटं तिकिटाच्या पैशांतच येतात. मोबाइलवरच्या आणि टीव्हीवरच्या सेवांनी तर नावांची खिडकी काडेपेटीएवढी करून पुढचा कार्यक्रम लावायची सवयच लावली आहे.

सिनेमागृहांच्या चालकांना विनंती आहे की खेळांच्या वेळापत्रकात ही मिनिटं धरा. मुख्य दिवे बंद राहू द्या, जाणाऱ्यांना पायऱ्या दिसतील एवढा मंद उजेड पुरे. झाडणाऱ्या मुलांनाही मग घाईने आत शिरावं लागणार नाही. आणि संपादक महोदय, आपल्या पुरवणीत अशा चित्रपटांचं परीक्षण बहुधा 'डोकं बाजूला ठेवून पाहा' एवढ्यावर उरकलेलं असतं. ज्यांनी डोकं आणि हात दोन्ही लावून ते घडवलं त्यांना ते वाक्य लागतं. नटनट्यांच्या नावांखाली दृश्यपरिणाम, कलादिग्दर्शन, साहसदृश्यं, ध्वनी यांचं काम कुणी केलं ती चार नावं छापाल का? दोन ओळींची जागा लागेल.

त्या दिवशी बाहेर पडताना नातीने विचारलं, "आजोबा, ते अर्धं राहिलेलं नाव कुणाचं होतं?" मला सांगता आलं नाही. चित्रपट घरी पाहता येईल तेव्हा तिथेच थांबवून वाचू, असं तिला कबूल केलं आहे.

आपला,
एक निवृत्त फिटर
सातपूर, नाशिक