संमती हवी, तर ती आमच्या भाषेत मागा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वैद्यकीय संशोधनाच्या बातम्या मी आवर्जून वाचते. जानेवारी २०२५मध्ये ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातली सुमारे १०,००० भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांसाठी खुली झाली, तेव्हा मनापासून आनंद झाला. इंदूरहून फार लांब नसलेल्या झाबुआ-अलीराजपूर भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. अशा आजारांवरचे उपाय आपल्याच माणसांच्या माहितीतून निघणार आहेत. तेव्हा माहिती देण्याला माझा विरोध नाही. ती ज्या पद्धतीने घेतली जाते, त्याला आहे.

इंदूरने हा धडा एकदा शिकलेला आहे. इथल्या रुग्णालयांत रुग्णांना पुरेशी कल्पना न देता औषधचाचण्यांत सामील करून घेतल्याचे आरोप झाले आणि इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २०१३मध्ये चाचणीतल्या रुग्णाची संमती घेतानाचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक झाले. पुढे ही अट ठरावीक चाचण्यांपुरतीच उरली. पण समजावून न सांगता घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे, ही गोष्ट देशाला कळण्यात या शहराचा वाटा होता.

आता सहीची जागा ओटीपीने घेतली आहे. रक्त तपासायला गेले की काउंटरवर मोबाइल नंबर, जन्मतारीख, कधी आधारही मागतात. ओटीपी येतो, आपण तो सांगतो आणि पुढच्या माणसाचा नंबर लागतो. हा ओटीपी कशासाठी, असे मी एका लॅबमध्ये विचारले, तर ‘आंटी, सब देते हैं’ एवढेच उत्तर मिळाले. थोड्याच दिवसांत मधुमेहाच्या गोळ्यांचे आणि आरोग्यविम्याचे फोन सुरू झाले. नंबर तिथूनच बाहेर गेला, असे मी सिद्ध करू शकत नाही. सामान्य माणसाची खरी अडचण हीच आहे. ‘आभा’ हा सरकारी डिजिटल आरोग्य-खात्याचा क्रमांक ऐच्छिक आहे आणि त्यावरून अहवाल दाखवायला दिलेली परवानगी मागे घेता येते, हेही आमच्या राजेंद्रनगरातल्या कितीतरी ज्येष्ठांना ठाऊक नाही.

कायदा आमच्या बाजूने आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, ठरावीक कामापुरती आणि पूर्ण माहितीनिशी दिलेली असावी लागते. ती मागे घेणे, देण्याइतकेच सोपे असावे लागते. संमतीसाठीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला द्यावा लागतो, आणि त्या २२ भाषांत मराठी आहे. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, मात्र यातल्या बहुतेक तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू होतील. तोवर काय करायचे?

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११च्या नियमांत वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ माहितीत मोडत होत्या. नव्या कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. बँकेचे कार्ड बदलून मिळते. एचआयव्हीचा किंवा मानसिक आजाराचा अहवाल एकदा बाहेर गेला की परत घेता येत नाही. जनुकीय माहितीत तर मुले-नातवंडेही येतात. अमेरिकेतल्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या जनुकीय चाचणी कंपनीकडून २०२३मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली. मार्च २०२५मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, त्याच सुमारास कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांना लोकांना सांगावे लागले की, आपली माहिती काढून टाकण्याचा हक्क वापरा. हौसेने दिलेली लाळेची नळी इतक्या लांब जाईल, असे त्या लोकांना वाटले असेल का?

म्हणून इथल्या लॅब आणि रुग्णालयांना माझी विनंती आहे की, २०२७ची वाट पाहू नका. काउंटरवर हिंदी आणि मराठीत, ठळक अक्षरांत एक पानाची सूचना लावा. कोणती माहिती घेता, कोणाला देता, किती काळ ठेवता आणि नकार द्यायचा असेल तर कोणाशी बोलायचे, एवढे तिच्यात असले तरी पुरे. ज्याला वाचता येत नाही, त्याला ती वाचून दाखवा. नकार देणाऱ्याची तपासणी मात्र अडवू नका.

आपल्याकडेही एक मागणे आहे. माहिती काढून टाकण्यासाठी लॅबला द्यायच्या मराठी अर्जाचा नमुना आपण छापावा, म्हणजे आमच्यासारख्यांना तो कापून, भरून देता येईल.

आपली,
एक वाचक
राजेंद्रनगर, इंदूर