कानाचं दुखणं जबड्यात सापडलं, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

शेवटच्या तपासणीला आले तेव्हा बाहेर पेशंट ताटकळत होते, म्हणून नुसतं ‘थँक्यू’ म्हणून निघाले. ते मनाला लागून राहिलं. हे पत्र उघड लिहितेय, कारण माझ्यासारखंच कान धरून बसलेलं आणखी कुणीतरी ते वाचेल.

तुमच्याकडे येण्याआधी सात महिने मी उजव्या कानावर उपचार घेत होते. थेंब झाले, गोळ्या झाल्या. कान तपासला की निर्दोष निघायचा, ठणका मात्र तसाच. तोंड उघडताना जबड्यात कट्ट वाजायचं, पण ते इतकी वर्षं वाजत होतं की कुणाला सांगावंसंही वाटलं नाही. मग एके सकाळी तो आवाज थांबला आणि तोंडच उघडेना. घरचे म्हणाले, दातखीळ बसली.

तुम्ही माझ्या दोन्ही कानांच्या पुढ्यात बोटं टेकवलीत, हातात आरसा दिलात आणि म्हणालात, “सावकाश उघडा.” हनुवटी उजवीकडे सरकत होती. सात महिन्यांत मला ते दिसलं नव्हतं. पट्टी लावली तर जेमतेम २६ मिलिमीटर. मोठ्या माणसाचं तोंड ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, हे तेव्हा कळलं.

त्यानंतर तुम्ही जे दाखवलंत ते मी आजवर दहा जणांना करून दाखवलंय. एका हाताची मूठ म्हणजे खालच्या जबड्याचं टोक, दुसरा तळवा म्हणजे कवटीची खोबण आणि मध्ये घडी घातलेला रुमाल म्हणजे कानापुढच्या जबड्याच्या सांध्यातली गादीसारखी चकती. तोंड उघडताना मूठ आधी जागच्या जागी फिरते, मग पुढे घसरते आणि रुमाल तिच्यासोबत जातो. रुमाल पुढे निसटला, तर मूठ त्याच्यावर चढताना कट्ट वाजतं. चढताच आलं नाही, तर वाट अडते. तेवढ्यात माझी भीती निम्मी झाली. नुसता आवाज असेल आणि दुखत नसेल तर बहुधा काहीच करावं लागत नाही, हेही तुम्ही लगेच सांगितलंत.

१९३४ साली जेम्स कॉस्टेन या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञाने कानाच्या तक्रारींचा या सांध्याशी संबंध जोडला होता, हे तुमच्याकडूनच कळलं. दात पडल्याने जबडा जास्त मिटतो, हे त्याने दिलेलं कारण पुढे टिकलं नाही. पण कान दुखतो म्हणून आलेल्या माणसाचा जबडाही बघावा, हे टिकलं. माझ्या बाबतीत ते तुम्ही केलंत.

सगळ्यात मोठे आभार तुम्ही जे केलं नाहीत त्याचे. एका ठिकाणी मला दात घासून त्यांची ठेवण बदलायचा सल्ला मिळाला होता आणि मी तयारही होते. तुम्ही म्हणालात, “घासलेला दात परत येत नाही. आधी जे मागे घेता येतं ते करू.” मग मऊ अन्न, लहान घास, गालावर गरम शेक, थोडे दिवस गोळ्या, फिजिओथेरपिस्टकडचे व्यायाम आणि झोपेत दात खाते म्हणून रात्री स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसवायचं आवरण. स्प्लिंट चकती जागेवर बसवणार नाही, दातांवरचा आणि स्नायूंवरचा ताण हलका करील, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. खोटी आशा दाखवली नाहीत.

आणि ती चिठ्ठी: ‘ओठ मिटलेले, दात सुटे’. कॉम्प्युटरवर चिकटवलीय. पहिल्या दिवशी जितक्या वेळा तिच्याकडे नजर गेली, जवळजवळ तितक्या वेळा दात आवळलेलेच सापडले. मेल लिहिताना, फोनवर, अगदी भांडी विसळतानासुद्धा. दिवसभर मीच तो सांधा दाबून धरत होते, हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

सुधारायला चार महिने लागले. मधल्या काळात दोनदा रडत फोन केला, दोन्ही वेळा तुम्ही स्वतः उचललात. आता पट्टीवर ४१ येतात. आवाज अधूनमधून होतो, होऊ दे. परवा मोठी जांभई आली आणि सवयीने हात गालाकडे गेला, पण धरायची वेळच आली नाही.

तुमची,
आरसा धरून बसलेली पेशंट