काउंटरवरच्या मॅडम, त्या चिठ्ठीबद्दल

मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण जुळे सोलापुरातल्या तुमच्या शाखेत दोन लाख चाळीस हजार दुसऱ्याच्या खात्यात पाठवायचा आरटीजीएसचा फॉर्म घेऊन आलेल्या, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाई आठवतात ना? ती माझी आत्या.

लग्नाच्या साइटवर तिला भेटलेला माणूस म्हणे लंडनचा इंजिनिअर. बायको वारलेली, एक मुलगी. आडनाव देशमुख, पण मराठीचा एक शब्द येत नाही. ओळख झाली न झाली तोच साइटवरून व्हॉट्सॲपवर घेऊन गेला. व्हिडिओ कॉल म्हटलं की नेटवर्क नाही. मग वाढदिवसाचं पार्सल, त्यात दागिने आणि पौंड, ते दिल्ली विमानतळावर कस्टमने अडवलेलं. पाठोपाठ ‘कस्टम’वाल्या बाईचा दरडावणीचा फोन: आज पैसे भरा, नाहीतर केस.

आम्ही तिला सांगत नव्हतो असं नाही. पण सांगायची तऱ्हा कशी? काका म्हणाले, “या वयात हे सुचतं तरी कसं?” त्या दिवसापासून आत्या फोन घेऊन गच्चीवर जायला लागली. आणि ती साइट! भरमसाठ फी घेऊन त्याच्या फोटोखाली ‘व्हेरिफाइड’ची खूण लावली होती. मी तक्रार केली तेव्हा कळलं, खूण फक्त मोबाइल नंबर तपासल्याची. माणूस काय, आम्हीच तपासायचा. पुढे तोच फोटो तिथेच दुसऱ्या नावाने झळकला.

तुम्ही मात्र मोठ्याने काही विचारलं नाहीत. रांगेत मागेच आमच्या गल्लीतले दोघे उभे होते. तुम्ही एका स्लिपच्या पाठीवर लिहून काचेखालून सरकवलंत, “ताई, यांना समोरासमोर भेटलात का?” आत्याने नकारार्थी मान हलवली. त्यावर तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, “सही जुळत नाही हो, जरा आत या.” सही जुळत होती, मॅडम. तुम्ही चक्क खोटं बोललात आणि तिची लाज राखलीत.

आतही उपदेश नाही. चहा मागवलात आणि एवढंच म्हणालात, की कस्टमचं शुल्क सरकारजमा होतं, कुणाच्या बचत खात्यात नाही. आत्याने फॉर्म स्वतःच फाडला. आधी गेलेल्या पैशांसाठी सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० नंबरला फोनही तुमच्याच टेबलावरून लागला. त्यातले थोडे गोठवले गेले, बाकी गेले ते गेले.

या ठगांना काय हवं असतं? बाई एकटी हवी आणि चारचौघांत बोलायला लाजणारी हवी. ती लाज आम्ही घरच्यांनी रोज वाढवत नेली. तुम्हाला तिचं नाव-गावही नीट ठाऊक नव्हतं, तरी तुम्ही आधी तिची अब्रू पाहिलीत, मग फॉर्म. अशी माणसं कुठल्याही काउंटरवर सापडोत, त्यांचे पाय धरावेत.

आत्या अजून लग्नाचं म्हणतेय. अक्कलकोटचे एक मास्तर रविवारी येऊन, समोर बसून पोहे खाऊन गेले. काका अवाक्षर बोलले नाहीत.

शेंगाचटणीचा डबा तुम्ही नियम सांगून परत केलात, ते तेवढं तिला लागलंय. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत भेटलात तर तिथे बँकेचा नियम चालणार नाही, असा तिचा निरोप आहे.

तुमची,
शिवणवाल्या बाईंची भाची