घटनास्थळ : कराची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिक्षक दिनाला माजी विद्यार्थी गुलाब घेऊन दारात येतात आणि मला दरवर्षी ५ सप्टेंबर १९८६ आठवतो. वहिनीच्या बाळंतपणासाठी बिनपगारी रजा काढून मी न्यूयॉर्कला निघाले होते. मुंबईहून सुटलेलं पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचं विमान पहाटे कराचीत थांबलं आणि सुरक्षारक्षकांच्या वेशातले बंदूकधारी आत घुसले. माझ्या पायात कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतून, म्हणजे चपलांच्या बाजारातून, घेतलेल्या कोऱ्या चपला. करकर वाजायच्या. कुणाची नजर वळू नये म्हणून मी दिवसभर पाय हलवला नाही. रात्री विमानातले दिवे गेले, तशा गोळ्या आणि हातबाँब सुरू झाले. पंखावरून उडी टाकली तेव्हा पायात एकच चप्पल होती. गुडघा पावसाळ्यात अजून ठणकतो. पण वीसेक जण गेले, त्यांच्यापुढे माझ्या गुडघ्याचं काय!

अपहरणकर्त्यांना अमेरिकी प्रवासी हवे होते, म्हणून विमानातली कर्मचारी नीरजा भनोत आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी पासपोर्ट लपवले. पुढे न्यायही पासपोर्ट बघूनच मिळाला. टोळीच्या म्होरक्याला २००४ मध्ये १६० वर्षांची शिक्षा झाली, तीही अमेरिकेत. बाकीच्या चौघांना पाकिस्तानने २००८ मध्ये सोडून दिलं. या हल्ल्यामागे हात असल्याचा आरोप लिबियावर होता. त्याच वर्षी लिबियाने अमेरिकेशी करार करून दीड अब्ज डॉलर मोजले, त्यातून अशा हल्ल्यांतल्या अमेरिकी नागरिकांना भरपाई मिळाली. त्याच विमानातल्या आम्हा भारतीयांना त्यातला एक पैसा नाही.

बरं, इथे दावा लावावा तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८६ आडवं येतं. परक्या देशावर दावा करायला केंद्र सरकारची लेखी संमती लागते. दहशतवादात बळी पडलेल्यांसाठी केंद्राची मदत योजना आहे. पण ती भारताच्या भूमीवरच्या घटनांपुरती. एका सरकारी कार्यालयात मी अर्ज घेऊन गेले. साहेबांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, ‘‘बाई, हे कराचीत झालंय. आपल्या हद्दीत बसत नाही.’’ त्यांचा दोष नाही, चहासुद्धा पाजला त्यांनी. पण १९९९ चं कंदाहारचं विमान अपहरण, २०१४ मध्ये इराकमध्ये मोसुलला पळवून नेऊन मारलेले आपले ३९ कामगार, यातलं कुठलं प्रकरण आपल्या हद्दीत बसलं?

आज आपल्या जिल्ह्यातली किती पोरं आखातात नोकरीला आहेत, जहाजांवर आहेत. त्यांच्यासाठी तरी योजनेतली ही हद्दीची अट काढा आणि कलम ८६ ची संमती किती दिवसांत द्यायची ते ठरवून टाका. कोल्हापूरच्या खासदारांनी हे संसदेत विचारावं, एवढीच विनंती.

बोर्डिंग पासची झेरॉक्स जोडून मी पुन्हा अर्ज देणार आहे. ‘घटनास्थळ’ या रकान्यात काय लिहू, तेवढं कुणीतरी सांगावं.

– एक निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ, कोल्हापूर