हॅलोविन नेमका कुणाचा?

नॅव्हन, काउंटी मीथ, आयर्लंड
३ नोव्हेंबर

प्रिय सायमन,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. फादरांनी प्रवचनात हॅलोविनला सैतानाची पूजा ठरवलं आणि घरी येताच लेकीने कॉलेजच्या पार्टीवरून रुसवा धरला, हे वाचून हसू आलं. निवाडा मात्र तू माझ्या गळ्यात टाकलास. ‘तू त्या देशात राहतोस, तूच सांग.’ तर ऐक. फादरांना म्हणावं, हा सण अर्ध्याहून जास्त तुमच्याच घरचा आहे. उरलेला भाग जुन्या आयरिश लोकांचा, पण त्यातही सैतान कुठे सापडत नाही.

आधी जुना भाग. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी इथे साउइन हा सण सुरू व्हायचा. उन्हाळाभर डोंगरावर चरायला नेलेली गुरं खाली आणायची, हिवाळ्यात पोसता येणार नाहीत तेवढी कापायची, हिशोब मिटवायचे, राजांनी सभा भरवायच्या. शेतकऱ्या-गुराख्यांच्या वर्षाचा सांधा होता तो. त्या रात्री टेकड्यांच्या पोटातली अदृश्य मंडळी बाहेर येतात असंही मानत. इथे तारा नावाच्या टेकडीवर पाच हजार वर्षांचं एक दगडी थडगं आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला उगवतीचं ऊन त्याच्या आतपर्यंत पोचतं. म्हणजे कॅलेंडरातली ही जागा साउइन पाळणारे केल्ट लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून कुणाच्या तरी लक्षात आलेली होती.

साउइनच्या गोष्टींपैकी मला सगळ्यात आवडते ती नेराची. राणी मेव्ह आणि राजा अलिल साउइनच्या रात्री वाड्यात बसलेत, चुलीवर हंडा रटरटतोय. राजा पैज लावतो, आदल्या दिवशी फाशी दिलेल्या माणसाच्या पायाला जो वेलाचं कडं बांधून येईल त्याला बक्षीस. एकटा नेरा जातो. कडं बांधल्यावर प्रेत बोलायला लागतं, ‘मरताना तहान लागली होती, पाणी पाज.’ नेरा त्याला पाठुंगळीला घेऊन घरोघर फिरतो. (विक्रम-वेताळ आठवला ना? मलाही.) पहिल्या घराला आगीचा वेढा, कारण तिथली बाई रात्री निखारे राखेखाली नीट झाकते. दुसऱ्या घराला पाण्याचा वेढा, कारण तिथे रात्री वापरलेलं पाणी घरात ठेवत नाहीत. तिसऱ्या घरात आंघोळीचं, धुण्याचं पाणी तसंच पडलेलं. प्रेत आत शिरतं, पाणी पितं, शेवटचा घोट घरच्यांच्या तोंडावर थुंकतं आणि सगळे मरतात. माझी आजी रात्री खरकटं पाणी मोरीत ठेवू द्यायची नाही, ती ही गोष्ट ऐकून म्हणाली असती, ‘मग, मी काय वेगळं सांगत होते?’

पुढे नेरा त्या अदृश्य लोकांच्या मागोमाग गुहेत शिरतो, तिथलीच बायको करतो. ती त्याला सांगते, तुझ्या लोकांना सावध कर, नाहीतर पुढच्या साउइनला आमचे लोक तुमचा वाडा जाळतील. ‘मी तुमच्या दुनियेतून आलोय हे त्यांना पटणार कसं?’ तर ‘उन्हाळ्यातली फुलं घेऊन जा.’ बाहेर येतो तर तोच हंडा अजून चुलीवर आहे, आणि ऐन हिवाळ्याच्या तोंडावर याच्या हातात रानलसूण आणि प्रिमरोझ.

ती गुहा आजही आहे, काउंटी रॉसकॉमनमध्ये राथक्रोगनला, एका शेतात. मांजरांची गुहा म्हणतात तिला. आत जायचं तर गुडघ्या-कोपरांवर सरपटावं लागतं, आणि चिखल असा की बूट ओढून घेतो. दाराच्या दगडावर ओघाम या जुन्या आयरिश लिपीत ‘मेव्हचा मुलगा फ्राख’ असं कोरलंय. वाटाड्याने आत बॅटऱ्या बंद करायला लावल्या तेव्हा मीही मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली, हे तुला म्हणून सांगतो.

आता गंमत बघ. या गोष्टी आपल्यापर्यंत आणल्या कुणी? ख्रिस्ती मठातल्या साधूंनी! त्याआधीच्या आयरिश लोकांनी यातलं काहीच लिहून ठेवलेलं नाही. इथून जवळच वॉर्ड टेकडीवर साउइनचा मोठा अग्नी पेटायचा असं सगळे सांगतात, पण ते सविस्तर लिहिलंय जेफ्री कीटिंग या पाद्र्याने, तेही १७व्या शतकात. आणि साउइन नावाचा कुणी मृत्यूदेव होता ही तर शुद्ध थाप. १८व्या शतकात चार्ल्स व्हॅलन्सी नावाच्या ब्रिटिश लष्करी इंजिनियरने ती रूढ केली. फादरांचा सैतान बहुधा याच वाटेने आला असणार.

मग चर्चचं काय? पार्टीवाले हमखास सांगतात की पोपने मुद्दाम साउइनच्या डोक्यावर आपला सर्व संतांचा सण (१ नोव्हेंबरचा, त्याची आदली रात्र म्हणजे हॅलोविन) आणून बसवला. मीही हे खूप वेळा ऐकलंय, पण ते पटत नाही. रोममध्ये पँथिऑन या जुन्या देवळाचं चर्च झालं ते १३ मे रोजी, ६०९ च्या सुमारास, आणि तिथे सगळ्या हुतात्म्यांचा दिवस तोच पाळत. आठव्या शतकात तिसऱ्या ग्रेगरी पोपने सेंट पीटर्समध्ये संतांच्या अवशेषांसाठी वेगळं प्रार्थनास्थळ केलं. १ नोव्हेंबरचा आग्रह दिसतो तो ८०० साली आल्क्विनच्या पत्रात. तो इंग्लंडचा, फ्रँक राजा शार्लमेनच्या पदरचा विद्वान, आणि पत्र साल्झबर्गच्या आर्चबिशपला. ८३५ मध्ये शार्लमेनच्या मुलाने, लुईने, आपल्या साम्राज्यात हा दिवस लागू केला. आणि त्याच काळात आयर्लंडमध्ये? डब्लिनजवळच्या ताला इथल्या मठातल्या संतदिनांच्या यादीत सर्व संतांचा सण आहे २० एप्रिलला! ज्यांच्या सणावर कुरघोडी करायची तेच लोक भलत्या महिन्यात सण करतायत. रोनाल्ड हटन या इतिहासकाराने हा मुद्दा लावून धरला आहे, आणि मला तो बिनतोड वाटतो. दोन सण शेजारी आले आणि हळूहळू एकमेकांत मुरले, इतकंच म्हणता येईल.

तुझा २ नोव्हेंबर आला फ्रान्समधल्या क्लूनी मठातून. तिथल्या ओडिलो या मठाधिपतीने ९९८ च्या आसपास आपल्या मठांमध्ये सगळ्या मृतांसाठी प्रार्थनेचा दिवस नेमला. मग इंग्लंडमध्ये गरीब लोक आणि पोरं दारोदार जाऊन ‘तुमच्या मृतांसाठी प्रार्थना करतो’ म्हणत छोटे केक मागायला लागली. मुखवटे घालून फिरायची स्कॉटिश-आयरिश रीत त्याच्या जोडीला धर. तुझी लेक ज्याला ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणते त्याचं मूळ मला यातच दिसतं. आयर्लंडमध्ये तर मृतांच्या रात्री दाराला कडी लावत नसत आणि चुलीपाशी खुर्ची ठेवत, घरचे गेलेले येऊन बसतील म्हणून.

भोपळ्याचा कंदील अमेरिकेचा. इथे सलगम कोरत. मेयो काउंटीतल्या संग्रहालयात अशा एका जुन्या कंदिलाची प्रतिकृती ठेवलीय, त्याचं ते दात विचकलेलं सुरकुतलेलं तोंड पाहिल्यावर भोपळा अगदीच गोजिरवाणा वाटतो. १८४५ मध्ये सुरू झालेल्या बटाटा-दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. पुष्कळ जण अमेरिकेला गेले आणि आपल्या रिती घेऊन गेले. तिथे भोपळा मोठा, मऊ, कोरायला सोपा. पुढचं चॉकलेट-कंपन्यांनी पाहून घेतलं.

आमच्या गल्लीत ३१ तारखेला पोरांची झुंबड होती. मी चॉकलेटांबरोबर शेंगा ठेवल्या होत्या. भुईमुगाच्या, सालासकट! इथली जुनी पद्धत आहे ती. म्हातारे खूश होतात, पोरं तोंड वाकडं करतात. बायकोने बार्मब्रॅक आणला, बेदाण्यांचा गोडसर पाव, त्यात अंगठी लपवलेली असते. ज्याला सापडेल त्याचं वर्षाच्या आत लग्न. ती निघाली माझ्या तुकड्यात, त्यावर घरात जे बोलणं झालं ते लिहीत नाही. फटाके इथे परवान्याशिवाय बेकायदा, तरी उत्तर आयर्लंडमधून येतात आणि आठवडाभर वाजतात. २०२४ साली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती, तेव्हा आमच्या दारात आकाशकंदिलाखाली सांगाडा लटकत होता. शेजारणीने ‘तुमच्यातही असतो का सांगाडा?’ म्हणून विचारलं.

तेव्हा लेकीला पुढच्या वर्षी जाऊ दे. फक्त दुसऱ्या दिवशी मिस्साला आणि २ तारखेला कबरीवर मेणबत्ती लावायला तिला तुझ्याबरोबर ने, म्हणजे फादरांचंही समाधान होईल.

आणि एक काम कर. तुझ्या आईला विचार, तिच्या लहानपणी वसईत २ नोव्हेंबरला घरात काय करत? मृतांसाठी ताट वाढून ठेवत का, कुणी दारोदार फिरत का? मला फार उत्सुकता आहे. ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत लिहून पाठव, तुझी सुधारणा नको. तिला माझा नमस्कार.

तुझा,
अविनाश